लोण्यातला थेंब

भाचीबाई, पुण्यात तू प्रथिनं आणि पाण्याचे सूक्ष्म थेंब शिकतेस म्हणे. मग सुट्टीत इनामगावला आलीस की रवी हातात घे, तुझा अर्धा अभ्यास लोण्याच्या गोळ्यात आहे. दुधात पाणी जास्त, त्यात स्निग्धाचे कण तरंगतात. घुसळलं की सगळं उलटतं, स्निग्धात पाण्याचे थेंब अडकतात. विकतच्या बटरमध्ये १६ टक्क्यांपर्यंत पाणी चालतं. केसीन, दुधाची साखर, जंतू सगळे त्या थेंबांतच राहतात. म्हणून लोणी सांभाळणं म्हणजे थेंब सांभाळणं.

१. विरजलेली साय फार दिवस साठवू नकोस — जंतू आधी साखर खातात, मग प्रथिनं तोडायला लागतात, आणि त्यातून येणारा कडवटपणा थेट तुपापर्यंत जातो.

२. चैत्र-वैशाखात पहाटेच घुसळायला बस आणि कण दिसू लागले की गार पाणी घाल — घोड नदीकाठचं ऊन चढलं की लोणी मऊ पडतं आणि ताक पोटात धरून ठेवतं.

३. पाणी नितळ येईस्तोवर लोणी धू — ताकातलं केसीन आणि साखर गेली की थेंबात जंतूला खायला उरत नाही. तूपच करायचं असेल तर फार धुवू नकोस, खमंगपणा त्याच दोघांतून येतो.

४. धुतल्यावर तळहाताने दाबून दाबून मळ. आधी पाणी ओघळतं, मग टपकतं, मग दिसेनासं होतं. ते गेलेलं नसतं, बारीक झालेलं असतं — काही मायक्रॉनच्या थेंबात जंतू असलाच तर त्याचा शिधा लवकर संपतो, आणि स्निग्धाची भिंत ओलांडून त्याला शेजारी जाता येत नाही. थेंब लहान, खोड लहान.

५. मीठ लावणार असशील तर चिमटीला घाबरू नकोस — मीठ स्निग्धात विरघळत नाही, सगळं थेंबात जातं. शंभर ग्रॅम लोण्यात २ ग्रॅम मीठ आणि १६ ग्रॅम पाणी असेल तर थेंबातलं पाणी ११ टक्के खारट झालं, हा हिशेब वहीत मांडून बघ.

६. मातीच्या भांड्यात लोणी ठेवलंस तर नंतर भांडं घासून त्याला कडक ऊन दाखव — मातीच्या छिद्रांत ताक मुरून बसतं. आपल्या गावच्या जुन्या वसाहतीत डेक्कन कॉलेजच्या लोकांनी १९६८ ते १९८३ उत्खनन केलं, तेव्हा तीन हजार वर्षांपूर्वीची भांडी आणि गुरांची हाडं निघाली. छिद्रांत मुरलेलं स्निग्ध इतकं टिकतं की जगभर अशा खापरांतून आज ते तपासतात.

७. फ्रीजरमधलं लोणी आत-बाहेर करत बसू नकोस, लागेल तेवढीच वडी काढ — वितळलं-थिजलं की थेंब एकमेकांत मिसळून मोठे होतात.

८. शून्याखाली गेलं म्हणजे थेंब गोठलाच, असं धरू नकोस — बर्फाला सुरुवातीला एखादा कण लागतो, तो प्रत्येक थेंबात नसतो. शुद्ध सूक्ष्म थेंब उणे ३८ अंशांच्या आसपासपर्यंत पाणीच राहू शकतो. त्यामुळेच थंडीने प्रथिनाची घडी, म्हणजे रेणूचा दुमडलेला आकार, कशी उलगडते, ते बर्फाची आडकाठी न येता बघता येतं.

९. वहीत थेंबाचं माप सगळ्यात आधी लिही — लोण्यातला थेंब प्रथिनाच्या रेणूच्या शेकडो पट रुंद, तिथे प्रथिनाला कसली दाटी? खरी दाटी साबणासारखे रेणू तेलात पाण्याचे काही नॅनोमीटरचे खिसे करतात तिथे. खिशात एकच प्रथिन, त्याला उलगडायला जागा नाही आणि गुठळी व्हायला शेजारी नाही, म्हणून घडी बरेचदा जास्त टिकते. पण खिशाच्या भिंतीने विद्युतभाराने ओढून घेतलं तर तीच भिंत घडी मोडते. दोन्ही लिही, आवडेल तेवढंच नको.

१०. तूप कढवताना पातेलं अर्धं रिकामं ठेव आणि कान उघडे. आधी पांढरा फेस येतो — वाफेच्या बुडबुड्यांभोवती प्रथिनं लपेटतात, फेस उतू जायला वेळ लागत नाही. मग तडतड सुरू होते, ती थेंब फुटल्याची. पाणी आहे तोवर तूप शंभर अंशांच्या आसपास घुटमळतं आणि प्रथिन करपत नाही. तडतड विरळ झाली की आच अगदी बारीक कर, फोन लांब ठेव आणि तिथून हलू नकोस — आटणाऱ्या थेंबात साखर आणि प्रथिन दाटीवाटीने भेटतात, तांबूस होतात, वास सुटतो. पाणी संपलं की उष्णता झपाट्याने चढते आणि तळाशी बसलेली बदामी बेरी बघता बघता काळी होते. तडतड असेतो पाणी तुपाला राखतं, पुढे आपण राखायचं.

११. बरणीत ओला चमचा घालू नकोस, कितीही घाई असो — चांगल्या तुपात पाणी अर्ध्या टक्क्याहूनही कमी, म्हणून ते महिनोन्महिने टिकतं. चमच्यावरचा थेंब आत गेला की जंतूला पुन्हा घर मिळालं.

१२. बेरी फेकू नकोस, गूळ घालून त्याच दिवशी खा — थेंबांतलं सगळं प्रथिन शेवटी तिथेच उतरलेलं असतं, आणि तिने धरून ठेवलेलं तूपही.