तरस

तंजावरला सतराव्या शतकात मराठी राजवट सुरू झाली आणि मराठी भाषा तेथे तमिळच्या शेजारी नांदू लागली. मराठीत ज्याला तरस म्हणतात, त्याचे तमिळ नाव आहे ‘कळुदैप्पुली’, म्हणजे ‘गाढव-वाघ’. वस्तुतः तरस गाढवही नव्हे आणि वाघही नव्हे. ते कुत्र्यासारखे दिसत असले, तरी मांजर व मुंगूस हेच त्याचे जवळचे नातलग होत. पुढचे पाय उंच, मागचे आखूड, पाठ उतरती. हे बेढब रूप आणि मुडदे उकरणारा प्राणी ही ख्याती, यांमुळे त्याच्याकडे आस्थेने पाहणारे विरळाच.

आफ्रिकेतील ठिपकेदार तरसाची अपकीर्ती तर जगभर पसरली. सिंहाच्या उष्ट्यावर जगणारा भित्रा चोर, अशीच त्याची ओळख होती. 1960 च्या दशकात हान्स क्रूक या प्राणिशास्त्रज्ञाने टांझानियातील सेरेंगेटी व एन्गोरोंगोरो येथे रात्री जागून त्याचे निरीक्षण केले. तेव्हा निराळेच सत्य समोर आले. अंधारात झेब्रा किंवा नू यांची शिकार पुष्कळदा तरसेच करीत. त्यांचा गलबला ऐकून सिंह येत आणि ती बळकावीत. सकाळी येणाऱ्या प्रवाशाला मात्र खाणारा सिंह आणि दूर ताटकळणारी तरसे एवढेच दिसे. चोर कोण, हे त्याने तेवढ्यावरूनच ठरवले! या तरसांच्या कळपात मादीचा अधिकार चालतो. त्यांचे प्रसिद्ध ‘हसणे’ही आनंदाचे नसून बहुधा भीतीचे वा शरणागतीचे असते.

भारताच्या रानांत आढळते ते पट्टेरी तरस. तमिळनाडूत नीलगिरीच्या पायथ्याशी मोयार नदीच्या खोऱ्यात, तर महाराष्ट्रात पुणे, सोलापूर, अहिल्यानगर या जिल्ह्यांच्या माळरानांवर त्याचा वावर आहे. ते बहुधा एकटेच हिंडते आणि मुख्यतः मेलेल्या जनावरांवर जगते. क्वचित फळेही खाते. घाबरले की त्याची आयाळ उभी राहते आणि ते आहे त्याहून मोठे दिसते. पाहणाऱ्याला तो हल्ल्याचा पवित्रा वाटतो.

डायक्लोफेनॅक या औषधामुळे 1990 च्या दशकापासून गिधाडे झपाट्याने घटली. गावाबाहेर टाकलेली ढोरे संपवणारे हात कमी झाले. अशा वेळी हाडेसुद्धा फोडून पचवणाऱ्या तरसाचे मोल वाढते. पण माळराने नांगरली जात आहेत, टेकड्या खाणींसाठी फोडल्या जात आहेत आणि रात्री रस्ता ओलांडताना तरसे वाहनांखाली सापडत आहेत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण त्याला आहे. तरी कपारीतील त्याचे घर दिसले की गावात घबराट उडते. तोंडाशी हाडांचा खच पडलेला असतो ना! ती हाडे बहुतेक मेलेल्या गुराढोरांचीच असतात. रात्रभर माळ तुडवून आई-बापांनी ती पिलांसाठी तोंडात धरून आणलेली असतात.