गड झुंजला, शहर झुंजले

विद्यार्थी मित्रांनो, १८५७ चा स्वातंत्र्यसंग्राम म्हटला, की तुम्हांला मेरठ, दिल्ली, लखनौ, झाशी ही नावे आठवतात. बहादूरशाह जफर आणि राणी लक्ष्मीबाई यांच्याविषयी तुम्ही वाचलेच असेल. पण या संग्रामात कोल्हापूरही लढले होते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. शिवाय कोल्हापुरात पहिली ठिणगी १८५७ साली पडली नाही. ती तेरा वर्षे आधीच पडली होती.

कोल्हापूर हे छत्रपतींचे राज्य. १८१२ साली या राज्याने इंग्रजांशी तह केला. पुढे इंग्रजांची पकड घट्ट होत गेली. १८३८ साली बुवासाहेब महाराज वारले. तेव्हा त्यांचे पुत्र बाबासाहेब आणि चिमासाहेब लहान होते. घरातला धनी लहान असला, की बाहेरच्याला कारभारात हात घालणे सोपे जाते. इंग्रजांनी तेच केले. त्यांनी दाजी कृष्ण पंडित यांना राज्याचे कारभारी नेमले.

राज्यात सामानगड, भुदरगड, पन्हाळा असे बळकट किल्ले होते. त्यांची राखण करणाऱ्यांना गडकरी म्हणत. या कामाबद्दल त्यांना जमिनी मिळालेल्या होत्या. बापानंतर मुलगा त्याच बुरुजावर पहारा करी आणि तीच जमीन कसून खाई. नव्या कारभाऱ्यांनी ही पद्धत मोडली. गडकऱ्यांच्या जमिनी मामलेदारांच्या ताब्यात गेल्या. कचेरीतल्या कागदावर हा साधा बदल होता. परंतु गडकऱ्याच्या घरी काय झाले असेल, याचा विचार करा. जमीन गेली, म्हणजे भाकरी गेली; आणि भाकरीबरोबर पिढ्यान्‌पिढ्यांचा मानही गेला.

१८४४ साली सामानगडच्या गडकऱ्यांनी गडाचे दरवाजे बंद करून घेतले आणि हुकूम मानण्यास नकार दिला. पाठोपाठ भुदरगड उठला. उठावाचे लोण पन्हाळ्यापर्यंत पोहोचले. कर्नल ओव्हान्स हा इंग्रज अधिकारी प्रवासात बंडवाल्यांच्या हाती सापडला. त्यांनी त्याला पन्हाळ्यावर कैद करून ठेवले. पुढे त्याची सुटका झाली.

इंग्रजांनी मोठी फौज आणि तोफा आणल्या. ऑक्टोबरमध्ये सामानगड पडला. १ डिसेंबर १८४४ रोजी तोफांनी पन्हाळ्याच्या तटाला खिंडार पाडले आणि गड इंग्रजांच्या हाती गेला. तेथला ‘चार दरवाजा’ याच वेळी पाडला गेला. उरलेले बंडवाले सावंतवाडीच्या मुलखात शिरले आणि मनोहरगड व मनसंतोषगड या किल्ल्यांवरून लढत राहिले.

उठाव मोडल्यावर वंशपरंपरेने गड राखण्याची पद्धत बंद झाली. गडांची तटबंदी पाडण्यात आली. एवढेच नव्हे, तर उठाव मोडण्याचा खर्चही इंग्रजांनी कोल्हापूर राज्याच्या माथी मारला.

वरवर शांतता पसरली. पण लोकांच्या मनातली आग विझली नाही. त्यातच १८४८ साली साताऱ्याचे राज्य इंग्रजांनी खालसा केले. तेही शिवछत्रपतींच्याच घराण्याचे राज्य होते. नंतर नागपूर आणि झाशी ही राज्ये गेली. १८५६ साली अवधही गेले. इनाम कमिशनने मुंबई इलाख्यातील इनामदारांकडे जुन्या सनदांचे पुरावे मागितले. अनेकांच्या जमिनी गेल्या. अशा वेळी नव्या काडतुसांना गाईची व डुकराची चरबी लावलेली असते, ही बातमी फौजेत पसरली. हिंदू आणि मुसलमान शिपायांच्या मनात एकच संताप उसळला.

त्या वेळी कोल्हापुरात २७ वी पलटण होती. ३१ जुलै १८५७ च्या रात्री या पलटणीतील शिपायांनी उठाव केला. रामजी शिरसाट हे त्यांचे एक पुढारी होते. शिपायांनी खजिना लुटला. या धामधुमीत तीन तरुण इंग्रज अधिकारी मारले गेले. मग शिपाई शहराकडे आले. पण शहराचे दरवाजे बंद होते! शिपायांना आत घेणारे कोणी पुढे आले नाही. काही शिपाई कोकणाच्या दिशेने निघाले. काहींनी शहराला लागून असलेल्या एका भक्कम जागेचा आसरा घेतला. साताऱ्याहून लेफ्टनंट केर घोडेस्वार घेऊन धावत आला आणि त्याने ती जागा जिंकली. त्यानंतर कर्नल जेकब कोल्हापुरात आला. त्याने सगळ्या पलटणीची हत्यारे काढून घेतली. अनेक शिपायांना मृत्युदंड दिला गेला.

हे वारे केवळ कोल्हापुरातच नव्हते. बेळगावात मुन्शी महंमद हुसेन यांची पत्रे इंग्रजांच्या हाती लागली. त्यांनाही प्राण गमवावे लागले.

आता चार महिने पुढे चला. ६ डिसेंबर १८५७ ची पहाट. कोल्हापूर शहराचे दरवाजे पुन्हा बंद झाले. पण या वेळी ते इंग्रजांना बंद झाले होते. शहर उठले होते! जेकबने लगेच फौज आणून एक दरवाजा उडवला. काही तासांत शहर पडले. पकडलेल्या अनेकांना ताबडतोब देहान्त शासन झाले.

महाराजांचे धाकटे भाऊ चिमासाहेब हे या उठावामागे आहेत, असा इंग्रजांचा ग्रह झाला. स्वतः बाबासाहेब महाराज इंग्रजांच्या बाजूने राहिले होते. परंतु लोकांचे प्रेम चिमासाहेबांवर होते. म्हणूनच इंग्रजांना त्यांचे भय वाटे. १८५८ साली त्यांना जहाजातून कराचीला नेऊन नजरकैदेत ठेवले. त्याच वर्षी बहादूरशाह जफर यांना दिल्लीहून रंगूनकडे नेण्यात आले. बादशहा १८६२ साली रंगूनला वारले, चिमासाहेब १८६९ साली कराचीला. दोघांनाही मायभूमीची माती पुन्हा दिसली नाही.

मित्रांनो, कोल्हापूरचा लढा का फसला? शौर्य कमी होते म्हणून नव्हे. जुलैत शिपाई उठले, तेव्हा शहराचा दरवाजा बंद होता. डिसेंबरात शहर उठले, तेव्हा शिपायांच्या हातांत बंदुका नव्हत्या. १८४४ साली गडकरी उठले, तेव्हा पलटणी इंग्रजांच्या हुकमात होत्या. गडकरी, शिपाई आणि शहर हे तिघे लढले खरे. पण तिघे एकाच दिवशी, एकत्र कधीच लढले नाहीत. पुढच्या पिढ्यांनी हा धडा घेतला. गांधीजींच्या चळवळीत शेतकरी, कामगार, विद्यार्थी आणि स्त्रिया एकत्र आल्या, तेव्हा इंग्रजांना हा देश सोडावा लागला.

या पाठातले किल्ला, सनद, इनाम, जमीन, फौज, तोफ, कैद, दरवाजा हे शब्द तुमच्या उर्दूतही आहेत. भाषा दोन, पण शब्द सामाईक आणि इतिहासही सामाईक. कोल्हापुरात चिमासाहेबांच्या नावाचा एक चौक आहे. तेथून जाल, तेव्हा घटकाभर थांबा आणि कराचीत एकाकी राहिलेल्या त्या राजपुत्राची आठवण करा.

शब्दार्थ

खालसा करणे – राज्य सरकारजमा करणे
तटबंदी – किल्ल्याभोवतीची भिंत
खिंडार – भिंतीला पडलेले मोठे भोक
लोण – पसरत जाणारी गोष्ट
माथी मारणे – इच्छा नसताना एखाद्यावर लादणे
देहान्त शासन – मृत्यूची शिक्षा

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) गडकरी कोणाला म्हणत?
(आ) साताऱ्याचे राज्य केव्हा खालसा झाले?
(इ) चिमासाहेबांना कोठे ठेवण्यात आले?

२. कारणे लिहा.
(अ) गडकऱ्यांनी सामानगडाचे दरवाजे बंद केले.
(आ) इंग्रजांना चिमासाहेबांचे भय वाटे.

३. जुलै आणि डिसेंबर १८५७ मधील उठावांत कोणता फरक होता? चार-पाच वाक्यांत लिहा.

४. मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषांत असलेले आणखी दहा शब्द शोधून वहीत लिहा.