आहारमात्रेचे मापन : राशिविचारास मोबाइल छायाचित्राची जोड

स्थौल्य व प्रमेह यांच्या चिकित्सेत निदानपरिवर्जनास अग्रस्थान आहे. परंतु निदान वर्ज्य करावयाचे तर रुग्ण प्रत्यक्षात काय आणि किती सेवन करतो, हे वैद्यास निश्चितपणे ठाऊक असावयास हवे. व्यवहारात आपण "आहार किती?" असे विचारतो, रुग्ण "दोन पोळ्या, थोडा भात" असे सांगतो आणि केसपेपरवर तेवढीच नोंद होते. दोन महिन्यांत वजन घटले नाही की औषधकल्प बदलला जातो. उणीव कल्पात होती की आहारवृत्तात, हा प्रश्न तसाच राहतो.

रुग्णकथनाची विश्वसनीयता

या संदर्भात न्यू यॉर्क येथील, १९९२ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास उद्बोधक आहे. अत्यल्प आहार घेऊनही वजन उतरत नाही, अशी तक्रार असणाऱ्या १० स्थूल व्यक्तींनी आपल्या आहाराच्या नोंदी ठेवल्या. त्यांचा प्रत्यक्ष ऊर्जाव्यय स्वतंत्रपणे मोजण्यात आला. त्यासाठी हायड्रोजन व ऑक्सिजन यांची जड समस्थानिके असलेले पाणी पाजून, ती शरीरातून किती वेगाने बाहेर पडतात हे पाहिले गेले. प्रत्यक्ष सेवनापेक्षा नोंदलेला आहार सरासरी ४७ टक्के कमी भरला, तर सांगितलेले शारीरिक श्रम सरासरी ५१ टक्के अधिक भरले.

यास बुद्ध्या केलेले असत्यकथन समजू नये. स्वयंपाक करता करता घेतलेली चव, मुलांच्या ताटातील उरलेला घास, चार वेळच्या चहातील साखर या गोष्टी "जेवण" या शब्दात रुग्णाच्या मनात येतच नाहीत.

सर्वग्रह आणि परिग्रह

चरकसंहितेच्या विमानस्थानातील पहिल्या अध्यायात प्रकृति, करण, संयोग, राशि, देश, काल, उपयोगसंस्था व उपयोक्ता अशी आठ आहारविधिविशेषायतने सांगितली आहेत. पैकी राशि म्हणजे मात्रा. तिचे दोन प्रकार : समग्र आहाराचे एकत्रित मान तो सर्वग्रह आणि प्रत्येक द्रव्याचे पृथक् मान तो परिग्रह. अंकीय तंत्रज्ञान नेमके हेच करू पाहते. संपूर्ण ताटाचे छायाचित्र हा सर्वग्रह होय. त्यातील पदार्थ ओळखून प्रत्येकाचे आकारमान, त्यावरून वजन आणि अन्नघटक-कोष्टकावरून ऊर्जा काढणे हा परिग्रह होय. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या कोष्टकात ५२८ भारतीय खाद्यद्रव्यांचे विश्लेषण उपलब्ध आहे.

चिकित्सालयातील विधी

१) रुग्णास तीन दिवस नोंद ठेवण्यास सांगावे. त्यांपैकी एक दिवस सुटीचा असावा.

२) जेवणापूर्वी ताटाचे एक छायाचित्र किंचित तिरप्या कोनातून घ्यावे, म्हणजे वाटीची खोलीही दिसते. ताटाशेजारी नेहमी एकच नाणे ठेवावे. त्यावरून आकाराचा अंदाज येतो.

३) पुन्हा वाढून घेतल्यास पुन्हा छायाचित्र घ्यावे. जेवणानंतर उरलेल्या अन्नाचेही घ्यावे.

४) चहा, फराळ, फळे व उभ्याने खाल्लेले सर्व काही त्यात यावे.

५) घरातील नेहमीची वाटी, पळी व एक पोळी एकदा स्वयंपाकघरातील वजनकाट्यावर मोजून घ्यावी.

६) छायाचित्रे रुग्णाच्या संमतीनेच जतन करावीत.

नंतर ही छायाचित्रे रुग्णासमवेत पाहावीत. "यानंतर काय घेतले?" एवढ्या प्रश्नानेही विसरलेले पदार्थ आठवतात. मात्र दोषारोपाचा सूर लागल्यास रुग्ण पुढील छायाचित्रे घेणारच नाही, याचे भान असावे.

मर्यादा

छायाचित्रात स्नेह दिसत नाही. उसळीची वाटी दिसते, तिच्या फोडणीतील तेल दिसत नाही. एक चमचा, म्हणजे सुमारे ५ ग्रॅम तेलातून ४५ किलोकॅलरी मिळतात. म्हणून तेलाचा हिशेब निराळा ठेवावा. चार माणसांच्या घरात १ लिटर तेल १० दिवसांत संपत असेल, तर प्रत्येकी दररोज २५ मिलिलिटर, म्हणजेच २०० किलोकॅलरींहून अधिक ऊर्जा केवळ तेलातून मिळते. तसेच कोष्टकातील आकडे मुख्यत्वे कच्च्या द्रव्यांचे आहेत. शिजलेल्या भाताच्या वजनास तांदळाचे आकडे लावल्यास उत्तर फार चुकते. मोबाइलवरील प्रणाली जो आकडा दाखवते, तो अंदाज आहे हे विसरू नये.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे हे सारे आठांपैकी एकाच आयतनाचे मापन आहे. छायाचित्रातील वेळेवरून काल कळतो, परंतु मात्रा अग्निबलावर अवलंबून असते आणि अग्नीचे परीक्षण वैद्यानेच करावयाचे असते. तेच ताट एकास सम्यक्, तर दुसऱ्यास अतिमात्र ठरते. पहिला आहार पचला होता काय, भूक होती काय, हे कोणताही कॅमेरा सांगत नाही.

औषधविक्रेत्यांसाठी

अवलेह, पाक व आसवारिष्टे यांत साखर वा गूळ असतो. मध व घृत ही अनुपानेही ऊर्जा देतात. रुग्ण यांस औषध समजतो, अन्न नव्हे, म्हणून ती नोंदीतून सुटतात. मधुमेही ग्राहकास कल्प देताना ही बाब सांगावी आणि दैनिक मात्रा आहारनोंदीत लिहावयास सुचवावे. एक ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा दुकानात दाखविण्यापुरता ठेवला, तरी "दोन चमचे" म्हणजे किती याचा उलगडा होतो.

एक सावधगिरी आवश्यक आहे. इन्सुलिन वा रक्तशर्करा घटविणारी औषधे घेणाऱ्या रुग्णाचा आहार नोंदीवरून एकाएकी कमी करू नये. रक्तशर्करा अतिशय खालावण्याचा धोका असतो. औषध देणाऱ्या चिकित्सकाशी विचारविनिमय करूनच बदल करावा.

सारांश, पुढील वेळी स्थौल्याच्या रुग्णात उपशय न मिळाल्यास कल्प बदलण्यापूर्वी तीन दिवसांची छायाचित्रे मागवावीत. राशि निश्चित झाल्यावर औषधाचे यशापयश ठरविणे अधिक न्याय्य होईल.