उंदराची मूलपेशी धडधडायला कशी लागते?



गुऱ्हाळावर तुम्ही गेला असालच. कोल्हापूरकर असून गेला नसाल, तर मग काय बोलायचं! काहिलीत रस एकच, पण थोडा आधी उतरवला की काकवी आणि आणखी आटवला की गूळ. ती वेळ गुळव्याला बरोबर कळते. आज असंच एक काम पाहू, फक्त ते काचेच्या बशीत चालतं.

उंदराचा गर्भ साडेतीन दिवसांचा होतो तेव्हा तो पेशींचा पोकळ चेंडू असतो. आत एका बाजूला छोटा पुंजका असतो, त्यातूनच पुढे उंदराचं सगळं अंग बनतं. १९८१ मध्ये मार्टिन इव्हान्स आणि मॅथ्यू कॉफमन यांनी केंब्रिजला, तर गेल मार्टिन यांनी अमेरिकेत या पेशी बाहेर काढून वाढवल्या. याच भ्रूणीय मूलपेशी, म्हणजे स्टेम सेल.

३७ अंश तापमान, पोषक द्रव आणि एलआयएफ नावाचं प्रथिन मिळालं की या पेशी नुसत्या वाढत राहतात, ‘मोठ्या’ होत नाहीत. एलआयएफ काढलं की विभेदन सुरू होतं. त्यासाठी एक साधी युक्ती आहे. पेशी असलेल्या द्रवाचे थेंब बशीच्या झाकणावर ठेवतात आणि झाकण उलटं करतात. थेंब लोंबकळतात. चिकटायला जागाच नसल्याने पेशी थेंबाच्या तळाशी जमून एकमेकींना बिलगतात. दोन दिवसांत गोळा तयार! त्यात बाह्यस्तर, मध्यस्तर, अंतःस्तर असे गर्भासारखे थर बनू लागतात. गोळे पुन्हा बशीत चिकटू दिले, की साधारण आठवड्याभराने काही भाग आपोआप धडधडताना सूक्ष्मदर्शकात दिसतो. मेंदू नाही, नस नाही, तरी ठोका! हे मला अजून नवलच वाटतं. रेटिनॉइक आम्ल दिलं, तर चेतापेशी जास्त बनतात. जनुकं सगळ्या पेशींत तीच असतात, पण कोणती चालू नि कोणती बंद हे अशा संकेतांवर ठरतं. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात डॉ. निबेदिता लेंका यांच्या गटाने याच विषयावर काम केलंय.

मुलांचा प्रश्न ठरलेला असतो, “सर, गुळाचा परत रस होतो का?” गुळाचा नाही होत बाळांनो, पण पेशीचा होतो. २००६ मध्ये जपानच्या शिन्या यामानाका यांनी चार जनुकं घालून उंदराच्या तयार पेशी मूलपेशींसारख्या करून दाखवल्या.

हे सगळं लिहायचं कारण वेगळंच आहे. वर्गातल्या एका मुलाची आई जाहिरातीचा कागद घेऊन आली. ‘स्टेम सेलने मूल चालू लागेल’, असं त्यावर छापलेलं. दागिने मोडायची तयारी होती हो त्यांची! मी त्यांना बशीतली गोष्ट सांगितली. बशीतसुद्धा सगळ्या पेशी हव्या त्या प्रकारच्या होत नाहीत. विभेदन न झालेल्या भ्रूणीय पेशी उंदराला टोचल्या, तर गाठ होते. जाहिरातीतल्या पेशी कुठल्या, हे तर कागदावर नव्हतंच. रक्ताच्या काही आजारांत अस्थिमज्जेच्या मूलपेशी देणं हा मान्य उपचार आहे. बाकी बहुतेक ठिकाणी आयसीएमआरच्या २०१७ च्या नियमांनुसार चाचणी म्हणूनच परवानगी मिळते, आणि चाचणीत पेशंटकडून पैसे घ्यायचे नसतात. त्यांनी कागद माझ्याच टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, “सर, आधी मोठ्या दवाखान्यात विचारून येते.”