मोजा ओला झाला म्हणून वेडर टाकू नकोस

अगं, वेडर गळतोय म्हणून लगेच नवा घ्यायला निघू नकोस. पाण्यात उतरायचा चांगला छातीपर्यंतचा रबरी सूट आहे तो. आधी खरंच गळतोय का ते बघू.

तू थंडीतल्या पहाटे उजनी धरणाच्या कुंभारगाव-डिकसळकडच्या काठाला पक्षी मोजायला उतरतेस. बाहेर पाणी गार आणि तू चिखलातून पाय उपसत चाललेली, म्हणजे घाम येणारच. तो आतून गार रबरावर जमतो आणि मोजे भिजवतो. दोन्ही पाय सारखेच दमट असतील, पाठीला आणि गुडघ्यामागेही ओल असेल, तर तो घाम समज. एकच पाय चिंब झाला, पाण्यात शिरल्या शिरल्या एकाच जागी गार लागलं, तर मात्र भोक आहे.

मोजा ओला म्हणून बुटाला दोष देऊ नकोस बरं. पाणी आतून खाली उतरतं, भोक मांडीच्या जोडावरही असू शकतं. फिकट सुती लेगिंग घालून आधी गुडघाभर पाण्यात थोडा वेळ उभी राहा, मग मांडीभर पाण्यात. ओल कुठून सुरू होते ते कापडावर दिसतं. उजनीच्या फुगवट्यात टोचायला काय कमी आहे? पाणी चढलं की काठच्या वेड्या बाभळी बुडतात, काटे गाळात राहतात. चिलापीच्या पाठीचे काटे, फुटके शिंपले, बुडालेल्या गावांचे दगड. पळसदेवचं देऊळ पाणी उतरलं की वर येतं, पण बाकीचं सगळं खालीच असतं.

घरी आलीस की सूट आतून-बाहेरून धू. छातीकडचं तोंड गुंडाळत खाली आण, अडकलेल्या हवेनं पाय फुगतात. वहिनीला ते घट्ट धरायला सांग आणि तू स्पंजानं शाम्पूचं पाणी फास. जोड, गुडघे, बूट जिथे चिकटवलाय ती कड, काही सोडू नकोस. बारीक भोकावर फेस आधी नुसता हलतो, मग साबुदाण्याएवढे बुडबुडे एकाच जागेवरून येत राहतात. लगेच मार्करनं गोल कर, फेस पुसला की ती जागा सापडत नाही. थंड समुद्रात बुड्या मारणारे आपला ड्रायसूट असाच तपासतात, मनगटांत बाटल्या आणि गळ्यात डबा बसवून हवा कोंडतात. त्यांच्याकडे पाणी शिरतं ते बहुतेक गळ्याच्या-मनगटाच्या सीलमधून किंवा चेनमधून. सीलखाली चार केस अडकले तरी पुरे.

आता ठिगळ. आधी सूट पूर्ण वाळव, ओल्या रबरावर काहीच टिकत नाही. जागा काचपेपरनं हलकी घास, स्पिरिटनं पुस. ठिगळ गोल काप, कोपरे असले की तिथूनच उचकटतं. रबराला सायकलवाल्याकडचं सोल्यूशन चालतं. दोन्ही बाजूंना पातळ लाव, बोटाला जेमतेम चिकटेल इतकं सुकू दे, मग दाबून वजन ठेव. ठिगळ बाहेरूनच लाव, म्हणजे पाण्याचा दाब त्याला आत दाबून धरतो. सूट पीव्हीसीचा असेल तर पीव्हीसीचाच गोंद आण. फेविक्विक मात्र नको, ते कडक होतं आणि पाय वाकला की तडकतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा फेस लावून बघ, मगच पाण्यात जा.

एक मात्र ऐक. ठिगळ कितीही पक्कं बसलं तरी कमरेचा पट्टा सूटच्या वरून घट्ट आवळायचा. पडलीस तर आत पाणी भरतं आणि तेवढं पाणी घेऊन काठावर चढताच येत नाही. होडीत बसताना तर वेडर काढून ठेव आणि लाइफ जॅकेट घाल. २१ मे २०२४ला उजनीतच कुगावहून कळाशीला येणारी होडी वादळी वाऱ्यात उलटली, सहा जण गेले. हे पाणी दिसतं शांत, पण वारा सुटला की लाटा उठायला वेळ लागत नाही. तुझ्या होडीवाल्या काकांना सांगून ठेव, आभाळ भरलं की मोजणी अर्धी राहिली तरी परत फिरायचं.

रविवारी सूट घेऊन ये. सोल्यूशनची ट्यूब माझ्याकडे आहे, ठिगळापुरता सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा तेवढा आण.