भिंतीतली माशी

बालमित्रांनो आणि भित्तिपत्रक वाचायला थांबलेल्या पालकांनो, आधी एक कबुली देते. गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी आमच्या गोठ्याच्या मातीच्या भिंतीतली सगळी भोके मी स्वतःच्या हाताने बुजवली. आजी म्हणाली होती, "बुजव गं ती भोकं, माश्या घर करत्यात." मी शेणमातीचा गोळा घेतला आणि एक न् एक भोक लिंपून टाकले. आपण काय केले हे मला यंदा शाळेच्या परसबागेत कळले.

यंदा गुरुजींनी आमच्या वर्गाला काम दिले. रोज प्रार्थनेआधी परसबागेत जायचे, फुलावर कोण येते ते बघायचे आणि वहीत लिहायचे. मला वाटले, त्यात काय लिहायचे? मधमाशी येणार! पण आठ दिवसांत वहीचे पान भरले.

मधमाश्या तर आपल्या ओळखीच्या. उंच झाडाला मोठे पोळे लावणारी आग्या, झाडाच्या ढोलीत राहणारी सातेरी आणि झुडपात छोटेसे पोळे करणारी फुलोरी. पण गुरुजींनी सांगितले, की जगात माश्यांच्या २०,००० हून अधिक जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेक पोळे करीतच नाहीत. त्यांना राणी नाही, कामकरी नाहीत. एकटी मादी भोकात घर करते, त्यात पराग आणि मधुरस साठवते, त्यावर अंडे घालते आणि तोंड बंद करते. पिल्लू आतच वाढते. काळा भुंगा वाळलेले लाकूड पोखरतो. पानकापी माशी पानाचे गोल तुकडे कापून घरात अंथरते. तुरीच्या फुलांवर ती हमखास दिसते.

मग आम्ही एक प्रयोग केला. तांबड्या भोपळ्याच्या वेलावर नर फूल वेगळे आणि मादी फूल वेगळे असते. मादी फुलाच्या मागे इवलासा भोपळा असतो. फूल पहाटे उमलते आणि दुपारच्या आत मिटते. आम्ही आदल्या संध्याकाळी दोन मादी कळ्यांना मलमलीच्या पिशव्या बांधल्या आणि दोन तशाच ठेवल्या. पिशवीतले दोन्ही भोपळे पिवळे पडून गळले. उघड्यांपैकी एकाला फळमाशीने नासवले, पण दुसरा मोठा झाला आणि खिचडीच्या दिवशी आपण सर्वांनी तो खाल्ला!

वांग्याची गंमत तर आणखी न्यारी. वांग्याच्या फुलात मधुरस नसतो. पराग असतात ते पिवळ्या नळ्यांत, आणि नळीच्या टोकाला बारीक भोक. मिठाची डबी हलवली तरच मीठ पडते ना, तसेच हे. वाऱ्याने थोडे पराग सांडतात. पण एक गुबगुबीत, पोटावर चकचकीत निळे पट्टे असलेली माशी आली, फुलाला बिलगली आणि 'घूंऽऽ' करून तिने सगळे फूलच थरथरवले. पराग भुरभुर खाली पडले. ही कला आपल्या मधमाशीला येत नाही, बरे का!

त्याच आठवड्यात घरी गोठ्यात शेण काढताना मला पुन्हा तोच 'घूं' आवाज आला. बघते तर तीच निळ्या पट्ट्यांची माशी भिंतीच्या भोकात शिरत होती! माझ्या पोटात धस्स झाले. गेल्या वर्षी मी भोके बुजवली, तेव्हा आत पिल्ले असतील हे मला ठाऊकच नव्हते.

आता खरी अडचण पुढे होती. बाबा यंदा त्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करणार होते. वाळूसुद्धा येऊन पडली होती. मी त्यांना सगळे सांगितले. बाबा म्हणाले, "माशीसाठी भिंत तशीच ठेवू? पावसात पडली तर गाय कुठं बांधू?" त्यांचेही खरेच होते. मी गप्प बसले. मग आजीच म्हणाली, "आरं, वांगी तर तूच बाजारात नेतोस. माशी मजुरी मागती का तुला?" बाबा हसले. त्यांनी तीन बाजूंना गिलावा केला आणि पूर्वेकडची, पत्र्याखालची दोन हात कोरडी जागा मातीचीच ठेवली. "पुढच्या वर्षी बघू," असे म्हणाले आहेत. मी रोज बघते. आज तिथे चार भोके आहेत.

सातारा जिल्ह्यातील मांघर हे २०२२ साली मधाचे गाव म्हणून जाहीर झाले. मध देणाऱ्या माशीचा असा मान होतो, ही चांगलीच गोष्ट आहे. मध न देणाऱ्या माशीसाठी आपण एवढे तरी करू या :

१) अंगणाच्या किंवा बांधाच्या कडेला थोडी जागा न खणता, न सारवता ठेवावी.

२) पेन्सिल जाईल एवढ्या पोकळीचे बांबूचे तुकडे घ्यावेत. एका बाजूला पेर बंद असावे. त्यांची जुडी बांधून पाऊस लागणार नाही अशा जागी, सकाळचे ऊन येईल अशी टांगावी.

३) तुळस, सब्जा, तीळ, कोथिंबीर यांपैकी थोडे तरी फुलू द्यावे.

४) फुले उमललेली असताना औषध फवारू नये. फवारणी करावीच लागली, तर माश्या परतल्यावर संध्याकाळी करावी.

५) एकटी राहणारी माशी सहसा चावत नाही, मात्र तिला मुठीत धरू नये. आग्याच्या पोळ्याजवळ तर जाऊच नये आणि दगड मारू नये.

पालकांनो, आज घरी गेल्यावर आपल्या भिंतीकडे एकदा बघा. भोक दिसले तर बुजवण्याआधी थोडा वेळ थांबा. कदाचित तुमच्या वांग्यांची मजूरीण आत काम करीत असेल.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी