गरोदरपणातला बीपी : मोजला तरच कळतो

ताईंनो, "दिवस गेलेत, मग पाय सुजणारच," असं आपण सहज म्हणून जातो. पण पाचव्या महिन्यानंतर बीपी १४०/९० किंवा त्याहून वर गेला आणि लघवीतून प्रथिनं जाऊ लागली, तर तो आजार आहे. वाढला की झटके येतात. आई-बाळ दोघांच्या जिवावर बेततं.

यावर औषध आहे : मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या 'मॅगपाय' अभ्यासात ३३ देशांतल्या, असा बीपी असलेल्या १० हजारांवर बायका होत्या. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन सारखे गट केले. औषध न मिळालेल्या गटात ९६ जणींना झटके आले, मिळालेल्या गटात ४० जणींना.

पण बीपी मोजलाच नाही, तर औषध द्यायचं कुणाला? सुरुवातीला काहीच दुखत नाही. म्हणून दर तपासणीला बीपी आणि लघवी तपासून घ्या, आकडा कार्डावर लिहून मागा. डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे अंधारी, तोंडावर सूज, बरगडीखाली दुखणं, यातलं काही झालं तर सकाळची वाट बघू नका. १०८ ला फोन करा, आशाताईला कळवा.

पुढच्या बैठकीत बचतीच्या हिशोबाआधी एवढंच विचारूया : गटात, घरात कोण गरोदर आहे? तिचा बीपी शेवटचा कधी मोजला?